कियांगान : पायऱ्यांच्या शेतीवरचे एक गाव



आपल्या शाळेच्या या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्या गुरुजींनी आम्हांला भूगोल शिकविला. राजधान्या आणि नद्यांची नावे पाठ करवून घेण्यापेक्षा एखादे लहानसे गाव घेऊन त्याचे पाणी कोठून येते, धान्य कोठे साठवतात, तंटा झाला तर कोणाकडे जातात, हे विचारण्याची त्यांची पद्धत होती. त्याच पद्धतीने आज एका गावाची ओळख करून देण्याचा माझा विचार आहे. हे गाव फिलिपाइन्स देशात, लुझॉन बेटाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात आहे. त्याचे नाव कियांगान.

शेतकी खात्यातील नोकरीत असताना लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काही महिने प्रशिक्षणासाठी राहण्याचा योग १९९७ साली मला आला. १९६० साली स्थापन झालेल्या आणि १९६६ साली आयआर-८ हे भाताचे वाण जगाला देणाऱ्या या संस्थेशी आपल्या देशाचा संबंध जुना आहे, डॉ. स्वामिनाथन हे १९८२ ते १९८८ या काळात तिचे महासंचालक होते. त्या मुक्कामात आणि पुढे २०१४ साली, असे दोनदा मी कियांगानला गेलो. मनिलाहून रात्रीची बस पकडली की सकाळी इफुगाव प्रांताचे ठाणे असलेल्या लागावेला उतरावयाचे आणि तेथून जीपनीने वर चढावयाचे. जीपनी म्हणजे लष्करी जीपगाड्यांपासून घडविलेली, रंगीबेरंगी आणि नेहमीच ठासून भरलेली वडाप. प्रवासाविषयी यापेक्षा अधिक सांगण्यात मी आपला वेळ घेत नाही.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. कियांगान ही ‘म्युनिसिपालिटी’ आहे. हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे नगरपालिका, कचऱ्याच्या गाड्या आणि घरपट्टी उभी राहते. फिलिपाइन्समध्ये मात्र म्युनिसिपालिटी शेतांची, रानांची आणि वाड्यावस्त्यांचीही असते; आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा मोठी आणि तालुक्यापेक्षा लहान. कियांगानमध्ये चौदा ‘बरांगाय’ आहेत आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सतरा हजारांच्या वर आहे. बरांगाय हा शब्द मूळ होडीचा. समुद्र ओलांडून एका होडीतून आलेले कुटुंबसमूह एका ठिकाणी वसले, म्हणून वस्तीलाही होडीचेच नाव मिळाले असे मानतात. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या कुशीतल्या वाडीला सरकारने होडीचे नाव द्यावे, यातला विनोद तेथील लोकांनाही कळतो.

१९९१ साली फिलिपाइन्सच्या संसदेने स्थानिक शासनाचा कायदा संमत केला. आपली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती त्याच सुमाराची. त्या कायद्यान्वये मेयर, उपमेयर आणि आठ सभासद तीन वर्षांसाठी थेट लोकांकडून निवडले जातात. एका पदावर सलग तीनपेक्षा अधिक वेळा राहता येत नाही. आरोग्यकेंद्र आणि शेतकी अधिकारी ही खाती केंद्राकडून काढून गावाच्या हाती दिली गेली. देशाच्या अंतर्गत करांच्या उत्पन्नाचा चाळीस टक्के भाग स्थानिक संस्थांना मिळावा, आणि त्यातील चौतीस टक्के म्युनिसिपालिट्यांमध्ये लोकसंख्या, क्षेत्रफळ व समान वाटा या हिशेबाने वाटावा, असे सूत्र ठरले. कारखाना नाही, मोठी बाजारपेठ नाही, अशा डोंगरी गावाचा संसार बव्हंशी या वाट्यावरच चालतो. कायदा झाला त्याच्या पाठोपाठ, १९९२ साली, कियांगानचाच एक भाग तोडून आसिपुलो ही वेगळी म्युनिसिपालिटी झाली. गावाचा पसारा त्यामुळे कमी झाला. तरीही इफुगाव लोकांच्या मनातले कियांगानचे मोठेपण कमी झाले नाही, कारण त्यांच्या कथांप्रमाणे पहिली माणसे येथेच नांदली.

ज्या समाजावर ही मेयर आणि सभासदांची व्यवस्था येऊन बसली, त्या समाजात पूर्वी राजा नव्हता, पाटील नव्हता आणि पंचायतही नव्हती. इफुगावमध्ये काही वर्षे शिक्षक म्हणून राहिलेल्या रॉय फ्रँकलिन बार्टन या अमेरिकी गृहस्थांनी १९१९ साली इफुगावांच्या कायद्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लिपी नाही, न्यायालय नाही, शिपाई नाही, अशा समाजात बांध फोडल्याचा, पाणी वळविल्याचा, कर्ज बुडविल्याचा तंटा कसा मिटतो, हे त्यांनी बारकाईने टिपले. तंटा उभा राहिला की ‘मोनकालून’ नावाचा मध्यस्थ पुढे येई. वादी आणि प्रतिवादी यांनी या काळात एकमेकांशी बोलावयाचे नाही, शक्यतो समोरही यावयाचे नाही. मोनकालूनने एका घरातून दुसऱ्या घरात जावयाचे. याला त्याचे धाडस मोठे करून सांगावयाचे, त्याला याचा राग. दोघांनाही थोडे घाबरवावयाचे, थोडे समजवावयाचे. दंड किती, हे अपराधाइतकेच दोघांच्या ऐपतीवर ठरे. श्रीमंत ‘कादांग्यान’ असेल तर दंड जास्त, गरीब असेल तर कमी. तडजोड झाली की मध्यस्थाला त्याचा मोबदला मिळे.

आज बरांगायच्या पातळीवर समेट घडविणारी समिती कायद्याने असते. १९७८ सालच्या एका हुकुमाने तिची सुरुवात झाली आणि १९९१ च्या कायद्याने ती कायम केली. ठरावीक प्रकारचे तंटे आधी तिच्यापुढे आल्याशिवाय न्यायालयात नेता येत नाहीत. सरकारने ही समिती सगळ्या देशासाठी केली. इफुगावच्या डोंगरात मात्र जुन्या मोनकालूनला जणू बसावयाला एक सरकारी बाक मिळाला. त्या कार्यालयात मी एक दुपार काढली. पाटाच्या पाण्यावरून दोन घरांत वाद होता. समितीतील वयस्क गृहस्थांनी दोघांना समोरासमोर न बसविता एकाला व्हरांड्यात आणि एकाला आत बसविले आणि स्वतः दारातून ये-जा करीत राहिले. कायद्याला समोरासमोरची बैठक अपेक्षित असते. गृहस्थांना त्यांच्या आजोबांची रीत ठाऊक होती. वाद मिटला, हे महत्त्वाचे.

आता पाण्याकडे आणि शेताकडे वळतो, कारण कियांगानचा खरा कारभार तेथे चालतो. डोंगराचा उतार दगडांच्या किंवा मातीच्या ताली बांधून पायऱ्यापायऱ्यांनी तोडला आहे आणि प्रत्येक पायरीवर भातखाचर आहे. कियांगानमधील नागाकादान येथील पायऱ्या, बनावेच्या बाताद व बांगाआन, तसेच मायोयाव आणि हुंगदुआन येथील पायऱ्यांसह, १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आल्या. नागाकादानला नदीच्या दोन्ही काठांनी पायऱ्या वर चढत गेल्या आहेत. आपल्या खानापूर तालुक्यातील किंवा कोकणातील माणसाला खाचर नवे नाही. पण आपल्याकडे खाचर पाऊस संपला की सुकते. तेथे ते वर्षभर पाण्याने भरलेले ठेवतात.

हे पाणी येते खाचरांच्या वरच्या रानातून. प्रत्येक घराण्याचे आपापले रान असते. त्याला ‘मुयोंग’ म्हणतात, कियांगानच्या बाजूला ‘पिनुगो’ हाही शब्द आहे. घराला लाकूड, चुलीला जळण आणि सुपारी या रानातूनच मिळते. पण मालकाच्या रानातून झिरपलेले पाणी त्याच्या खालच्या सगळ्यांच्या खाचरांत जाते, म्हणून रान खाजगी असूनही ते तोडण्याचा हक्क सर्वस्वी खाजगी नाही. हा हिशेब कोठेही लिहून ठेवलेला नाही. उलट, लिहिलेला कायदा फार काळ याच्या विरुद्ध होता. १९७५ सालच्या वनविषयक हुकुमाप्रमाणे शंभराला अठरा किंवा त्याहून अधिक चढ असलेली जमीन साधारणतः सरकारी वनजमीन मानली जाते. इफुगावमध्ये अठराहून कमी चढाची जमीन शोधावी लागेल! म्हणजे पिढ्यान्पिढ्या कसलेले खाचर आणि राखलेले रान कागदावर सरकारचे ठरले. मुयोंगमधील लाकडासाठी खास परवान्याची तजवीज पुढे झाली आणि १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याने वडिलोपार्जित भूमीवरील हक्काला मान्यता दिली. रान राखणाऱ्याला स्वतःच्या रानासाठी परवाना मागावा लागतो, यावर तेथील एक आजोबा फक्त हसले आणि त्यांनी मला विडा देऊ केला. सुपारी, पान आणि चुना. काथ नव्हता, एवढाच फरक. बैठकीची सुरुवात विड्याने होते हे पाहून मला परके वाटणे तेथेच संपले.

या पायऱ्यांवर पिकते ते ‘तिनावोन’. तावोन म्हणजे वर्ष. वर्षातून एकदाच येणारे पीक म्हणून तिनावोन. थंडी सहन करणारे, उंच वाढणारे, चवीला उत्तम असे हे भात. पण उत्पन्न कमी आणि मुदत दीर्घ. पूर्वी लावणीचा पहिला मान एका ठरावीक खाचराला असे. त्या खाचराच्या मालक घराण्याला ‘तोमोना’ म्हणत. त्यांनी पेरले की गावाने पेरावयाचे, त्यांनी कापले की गावाने कापावयाचे. ‘मुंबाकी’ नावाचे पुरोहित पूर्वजांची नावे घेऊन विधी करीत आणि कणगीपाशी ‘बुलुल’ या लाकडी मूर्ती धान्याची राखण करीत. घरे चार खांबांवर उभी, आणि प्रत्येक खांबाला उंदीर वर चढू नये म्हणून लाकडाची गोल चकती. आमच्या खात्याने उंदरांच्या बंदोबस्तावर काढलेल्या पत्रकांपेक्षा ही चकती मला अधिक भरवशाची वाटली.

तोमोनाच्या मागोमाग सगळ्यांनी जाण्यात केवळ श्रद्धा नव्हती. सगळ्यांचे भात एकाच वेळी पिकले की पाखरे, उंदीर आणि कीड यांचा मारा वाटला जातो. पाण्याची पाळीही सांभाळता येते. मजुरीऐवजी ‘उब्बू’ चाले: आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. आपल्याकडची सावड आणि इर्जिक जिने पाहिली असेल अशी पिढी या सभागृहात अजून आहे. तिला याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

पहिल्या भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतच्या सतरा वर्षांत मी जे पाहिले ते सांगताना मात्र जरा थांबावे लागते. २००१ साली युनेस्कोने या पायऱ्यांना धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत घातले. सुमारे पंचवीस ते तीस टक्के पायऱ्या पडीक झाल्या होत्या. २०१२ साली त्या धोक्याच्या यादीतून बाहेर आल्या. ताली पुन्हा बांधल्या गेल्या, स्थानिक चळवळींनी आणि म्युनिसिपालिट्यांनी कष्ट घेतले. पण ताल एकदा बांधून भागत नाही, ती दर वर्षी राखावी लागते, आणि राखावयाला हात लागतात.

हात कोठे गेले, याचे एक कारण वारसाच्या रीतीत आहे. इफुगावांमध्ये आईवडिलांच्या खाचरांचा मोठा वाटा थोरल्या अपत्याला जातो, मग ते मुलगा असो की मुलगी. आणि तो बहुधा त्याच्या लग्नाच्या वेळीच सुपूर्द होतो. आपल्याकडे दर पिढीला वाटण्या होऊन शेताचे तुकडे होत गेले, बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या. तेथे तुकडे झाले नाहीत, पण धाकट्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. पूर्वी धाकटे डोंगराचा नवा तुकडा फोडून स्वतःची पायरी बांधीत. आज ते बागियो शहरात, मनिलात किंवा परदेशात जातात, आणि शिकलेला थोरलाही त्यांच्या मागे जातो. मागे राहतात म्हातारी माणसे आणि लहान मुले. पैशाने मजूर लावावयाचा तर एका पिकाच्या तिनावोनमधून ती मजुरी निघत नाही.

दुसरे कारण दोन लहान जिवांत आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गरिबांना प्रथिने मिळावीत म्हणून दक्षिण अमेरिकेतील एक सोनेरी गोगलगाय फिलिपाइन्समध्ये आणली गेली. लोकांना ती फारशी रुचली नाही. तिला मात्र भाताची कोवळी रोपे फार रुचली. तिला आवरावयाचे तर खाचरातले पाणी काढावे लागते. पण खाचर कोरडे पडले की मोठ्या जातीची गांडुळे बांधात खोल शिरतात, मातीला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात पाणी त्यांतून वाट काढून ताल ढासळवते. पाणी ठेवले तर गोगलगाय, काढले तर गांडूळ. या पेचावर आम्ही लॉस बान्योसच्या वर्गात चर्चा केली होती. पण वर्गातले खाचर सपाट होते. ज्याच्या खाचराखाली सहा हात ताल आणि तिच्याखाली शेजाऱ्याचे खाचर आहे, त्याला दोन्ही चुका महाग पडतात.

पायऱ्यांचे वय किती, हाही एक चांगला वाद आहे. दोन हजार वर्षे, असे शाळेच्या पुस्तकांतून आणि प्रवासी पत्रकांतून फिलिपाइन्सच्या पिढ्या शिकत आल्या. पण १९६२ साली फेलिक्स कीसिंग यांनी असे मांडले की स्पॅनिश लोकांच्या दबावाने खालच्या खोऱ्यांतील लोक डोंगरात आले, आणि पायऱ्या त्यानंतरच्या. पुढे स्टीफन आकाबादो यांनी कोळशाच्या कालमापनावरून आणि जुन्या कियांगान वस्तीच्या जागी केलेल्या उत्खननावरून भाताच्या पायऱ्यांचा विस्तार साधारणतः सतराव्या शतकातला ठरविला. त्याआधी तेथे अळूची शेती होती. एखाद्याला वाटेल, दोन हजारांवरून चारशेवर आले म्हणजे मान गेला. मला तसे वाटत नाही. तलवार आणि क्रूस घेऊन आलेल्या सत्तेपासून माघार घेतलेल्या लोकांनी दोन-तीनशे वर्षांत एवढा डोंगर घडविला, आणि स्पॅनिशांना आपल्या जवळजवळ सबंध राजवटीत तो नीट जिंकता आला नाही, ही गोष्ट मला अधिक मोठी वाटते. उत्खननात स्थानिक लोकांचाही सहभाग होता. आपल्या आजोबांचे वय कमी सांगणाऱ्या संशोधकाला त्यांनी आपली जमीन खणू दिली, याचे मला कौतुक वाटते.

याच गावात दुसऱ्या महायुद्धाच्या एका प्रकरणाचा शेवट झाला. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर घेणारा आणि हजारो हिंदी सैनिकांना युद्धकैदी करणारा जपानी सेनापती यामाशिता याने २ सप्टेंबर १९४५ रोजी कियांगान येथे शरणागती पत्करली. त्याला आणले गेले ते तेथील प्राथमिक शाळेच्या गृहशास्त्राच्या इमारतीत. औपचारिक सह्या दुसऱ्या दिवशी बागियोला झाल्या, आणि २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्याला लॉस बान्योस येथे फाशी देण्यात आले. पुढे भातसंशोधनासाठी जगाला ठाऊक झाले ते हेच लॉस बान्योस. त्या काळात इफुगाव खेड्यांनी सोसलेल्या उपासमारीच्या आणि बाँबवर्षावाच्या आठवणी म्हाताऱ्यांकडून ऐकल्या. त्या आज येथे सांगू लागलो तर दुसरे व्याख्यान होईल.

शाळेचा विषय निघाला आहे, तर फिलिपिनो भाषेत शिक्षकाला काय म्हणतात ते सांगितले पाहिजे. तो शब्द ‘गुरो’ असा आहे. आपलाच ‘गुरु’ समुद्रमार्गे तेथे पोहोचला. ‘मुखा’ म्हणजे चेहरा आणि ‘दुखा’ म्हणजे गरीब, हेही त्याच वाटेने गेले. कियांगानची भाषा मात्र वेगळी. ती तुवाली, इफुगाव बोलींपैकी एक. त्या भाषेत ‘हुदहुद’ हे दीर्घ कथागीत आहे. कापणीच्या वेळी, निंदणीच्या वेळी आणि मृताच्या सोबतीला जागताना बायका ते म्हणतात. एक म्होरकी कथा पुढे नेते आणि बाकीच्या सूर धरतात. दोनशेहून अधिक कथा, प्रत्येकीचे चाळीसएक भाग; सगळे म्हणावयाचे तर दिवसांमागून दिवस जातात. अलिगुयोन नावाचा वीर आपल्या तोडीच्या शत्रूशी वर्षानुवर्षे लढतो, कोणीच हरत नाही, आणि अखेर दोघे एकमेकांच्या बहिणीशी लग्न करतात. जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे हेही बायकांच्या कष्टांबरोबर चालणारे गाणे. भात कापणारे यंत्र आले की ओळी गळतात, हेही तसेच. बेल्जियन धर्मगुरू फ्रान्सिस लांब्रेख्त यांनी या कथा लिहून घेतल्या आणि १९५७ पासून त्या छापून येऊ लागल्या. युनेस्कोने २००१ साली हुदहुदचा गौरव केला. त्याच साली पायऱ्या धोक्याच्या यादीत गेल्या होत्या.

आपल्या शाळेच्या सभागृहात मला हे सांगणे आवश्यक वाटते. फिलिपाइन्सने २०१३ च्या कायद्याने पहिल्या इयत्तांत मातृभाषेतून शिक्षण सुरू केले. सरकारच्या मुख्य यादीत एकोणीस भाषा होत्या. तुवाली त्यांत नव्हती. तरीही स्थानिक शिक्षकांनी आपल्या भाषेत पाठ, गोष्टी आणि अंकलिपी तयार केली. २०१४ साली मी एका वर्गात मुलांना खाचराच्या भागांची नावे तुवालीतून लिहिताना पाहिले: बांधाचे वेगळे, पाणी सोडण्याच्या तोंडाचे वेगळे, तालीच्या पायथ्याच्या दगडाचे वेगळे. बाईंनी मला सांगितले की यांतले काही शब्द त्यांना स्वतःला येत नव्हते. मुलांना घरी पाठवून आजीला विचारून यावयाला लावले. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कायद्याने मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती संपली. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी झाले. प्रादेशिक भाषा साहाय्यक म्हणून वापरता येतात, आणि सगळी मुले एकाच भाषेची असतील अशा वर्गात काही अटींवर मातृभाषा ठेवण्याची मुभा आहे. कियांगानमधील वाड्यांवरच्या शाळांत असे वर्ग मिळणे अवघड नाही. मुभेचा उपयोग करावयाचा की नाही, हे आता त्या त्या शाळेच्या बाईंना, पालकांना आणि वरच्या अधिकाऱ्यांना ठरवावयाचे आहे.

माझी वेळ संपत आली आहे. नकाशा आणि काही छायाचित्रे मागच्या टेबलावर ठेवली आहेत, आणि अध्यक्षमहोदयांनी प्रश्नांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे.